हॉर्मोन थेरपीचे दुष्परिणाम: जे जाणवतात ते आणि जे मोजावे लागतात ते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर ग्रंथीच्या आसपास पसरला होता, रेडिएशन पूर्ण झाले आणि दर तीन महिन्यांनी हॉर्मोनचे इंजेक्शन चालू आहे. दुसऱ्या इंजेक्शनपासून दिवसरात्र अंगातून वाफा निघतात, घामाने कपडे भिजतात, थकवा आहे, पोट सुटले आहे, चिडचिड वाढली आहे. ही इंजेक्शनची ‘उष्णता’ आहे का, आणि इंजेक्शन बंद करावे का?

बंद करायचे की नाही हे परस्पर ठरवू नका. रेडिएशनच्या जोडीने दिलेल्या या इंजेक्शनांचा कॅन्सर परत न येण्यात मोठा वाटा असतो आणि वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक त्रासावर काही ना काही करता येते. पण ते सांगण्याआधी ‘उष्णता’ हा शब्द बाजूला ठेवू, कारण तिथूनच चुकीचे उपाय सुरू होतात.

नाव हॉर्मोन थेरपी असले तरी यात हॉर्मोन दिले जात नाही, काढून घेतले जाते. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशी टेस्टोस्टेरॉनवर पोसतात, हे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि हगिन्स यांना त्यासाठी १९६६ चे नोबेल मिळाले. निरोगी पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. उपचारात ते ५० च्या खाली आणतात, बहुतेकांत २० च्याही खाली जाते. वडिलांना होणारे बहुतेक त्रास औषधाच्या विषारीपणाचे नाहीत, या उणिवेचे आहेत. म्हणून ल्युप्रोलाइड असो, गोसेरेलिन असो, ट्रिप्टोरेलिन असो, डेगारेलिक्स असो, रेलुगोलिक्सची रोजची गोळी असो किंवा अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया असो, वाफा, थकवा आणि हाडांची झीज सगळीकडे येते. ‘दुसऱ्या कंपनीचे इंजेक्शन द्या’ म्हटल्याने यात फरक पडत नाही.

डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: उपचार एकूण किती महिने, आणि शेवटचे इंजेक्शन कोणत्या महिन्यात? मध्यम जोखमीच्या कॅन्सरला रेडिएशनसोबत साधारण ४ ते ६ महिने पुरतात, जास्त जोखमीला १८ ते ३६ महिने लागतात. आजार हाडांत किंवा दूर पसरलेला असेल तर उपचार बहुधा कायमचा असतो. सहा महिन्यांचा त्रास सोसण्याची तयारी वेगळी आणि तीन वर्षांची वेगळी. हाडे, साखर आणि हृदय यांची काळजी किती घ्यायची हेही या उत्तरावर ठरते.

आता वाफा. मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र असते. टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून बनणारे इस्ट्रोजेन दोन्ही घटले की हे केंद्र नको तितके संवेदनशील होते. एरवी लक्षातही न येणारी किंचित तापमानवाढ त्याला अतिउष्णता वाटते. मग ते चेहरा आणि छातीतल्या रक्तवाहिन्या उघडते, घाम सोडते आणि पाठोपाठ थंडी वाजते. थर्मामीटर लावला तर ताप नसतो. (ताप असेल तर ती वाफ नव्हे, त्याचा वेगळा तपास हवा.)

आठवडाभर एका कागदावर नोंद ठेवा: किती वाजता, किती मिनिटे, त्याआधी काय खाल्ले-प्यायले, झोप मोडली का. गरम पेय, तिखट जेवण, दारू, सिगारेट, कोंदट खोली, अंगावर जाड पांघरूण, यांपैकी वडिलांना नेमके काय भोवते ते त्यातून कळते. सगळे एकदम बंद करण्यापेक्षा दोन गोष्टी टाळणे त्यांना जमेल. एका जाड कपड्याऐवजी सुती कपड्याचे दोन पातळ थर असावेत, म्हणजे एक काढता येतो. पंखा अंथरुणाजवळ हवा आणि बदलायचा सदरा हाताशी. वाफ चढू लागताच मिनिटाला सहा-आठ एवढ्या संथ श्वासाने पोटातून श्वास घ्यायचा. त्याने वाफ थांबतेच असे नाही, पण छातीत धडधड होऊन जी घाबरगुंडी उडते ती आवरते.

रात्री दोन-तीनदा झोप मोडत असेल तर एवढ्यावर भागत नाही, औषध मागावे. ‘वयाला धरून आहे’ म्हणून परत पाठवले तर पुन्हा विचारा. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन २० मिलिग्रॅम रोज, साधारण दहा आठवडे देऊन परिणाम पाहणे हा नेहमीचा मार्ग आहे. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आधीच सांगायला हवे. सायप्रोटेरॉन जास्त जोरदार आहे, पण यकृताला जपावे लागते आणि दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणाच्या गाठीचा, मेनिन्जिओमाचा, धोका वाढतो. व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचे औषध ३७.५ पासून सुरू करून ७५ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. वरच्या दोन, प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या औषधांपेक्षा ते वाफांवर कमी चालते, पण मनही उदास असेल तर एका गोळीत दोन्ही कामे होतात. ते अचानक थांबवू नये, आणि रक्तदाब बघत राहावे. झोपेच्या वेळी गॅबापेन्टिन काहींना उपयोगी पडते, सुरुवातीला त्याने गुंगी येते. ऑक्सिब्युटिनिन या लघवीच्या तक्रारींवरच्या औषधाचाही उपयोग होतो. मात्र वय सत्तरीचे, लघवी तुंबण्याची प्रवृत्ती किंवा विसरभोळेपणा असेल तर त्यापासून मी दूरच राहीन.

वाफा कितीही त्रासदायक असल्या तरी त्या जिवाला धोका करत नाहीत. धोका करतात त्या न जाणवणाऱ्या गोष्टी, आणि इथेच सगळ्यात जास्त हयगय होते.

हाडे पहिली. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे इस्ट्रोजेन पुरुषाच्या हाडांचेही रक्षण करते. ते गेले की झीज लगेच सुरू होते आणि पहिल्या वर्षात ती सर्वात वेगवान असते. दुखत काहीच नाही. कळते ते पाय घसरून खुब्याचे हाड मोडल्यावर. म्हणून उपचार सुरू होताना डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायचा असतो. वडिलांचा राहिला असेल तर आता करून घ्या, मग एक-दोन वर्षांनी पुन्हा. अहवालात टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) -१ ते -२.५ च्या दरम्यान असेल तर हाडे विरळ झाली आहेत, -२.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. एक खाचखळगा लक्षात ठेवा: वयस्कर माणसाच्या मणक्यांना झिजेमुळे हाडाचे काटे आलेले असतात, त्यामुळे मणक्याचा आकडा खोटा चांगला दिसतो. मणका ‘नॉर्मल’ आणि खुबा -२.३ असेल तर खुब्यावर विश्वास ठेवा.

कॅल्शियम दिवसाला एकूण १००० ते १२०० मिलिग्रॅम हवे. एकूण म्हणजे अन्नातले धरून. दूध-दही रोजच्या जेवणात असेल तर अर्धेअधिक तिथेच मिळते, वरून फक्त उरलेले द्यायचे. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषले जात नाही, म्हणून गोळी विभागून घ्यावी. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, सायट्रेट केव्हाही. ड जीवनसत्त्व रोज ८०० ते १००० युनिट. रक्तातली पातळी फार खाली असेल तर आधी मोठ्या मात्रेने ती भरून काढतात.

एवढ्याने झीज मंदावते, थांबत नाही. धोका जास्त असेल तर हाडांचे औषध लागते. डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी कातडीखाली देतात. हॉर्मोन थेरपीवरच्या पुरुषांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याचे नवे फ्रॅक्चर औषध घेणाऱ्यांत १.५ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३.९ टक्के होते. पण हे इंजेक्शन एकदा सुरू केले की सहा महिन्यांची तारीख चुकवायची नाही. परिणाम ओसरताच दबून राहिलेली झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. बंद करायचेच असेल तर त्या जागी झोलेड्रोनिक ॲसिडसारखे दुसरे औषध देऊन मगच. झोलेड्रोनिक ॲसिड शिरेतून देतात, त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघतात आणि पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप व अंगदुखी येऊ शकते. ॲलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी स्वस्त आणि सोपी वाटते, पण ती सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. त्या अर्ध्या तासात कॅल्शियमही नको, गोळी वाया जाते.

यांपैकी कोणतेही औषध सुरू होण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन या. किडका दात काढायचा असेल तर तो आधी काढून, जखम भरून मगच सुरुवात. नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड उघडे राहून न भरण्याचा धोका असतो. हाडांत पसरलेल्या कॅन्सरसाठी डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी देतात, तिथे हा धोका बराच जास्त. आणि डेनोसुमॅबआधी रक्तातले कॅल्शियम तपासलेले असावे, विशेषतः मूत्रपिंड कमकुवत असल्यास. ते धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

आता पोट. ते जास्त खाल्ल्याने सुटले असे म्हणून वडिलांना टोचू नका. २००२ मधल्या एका अभ्यासात ल्युप्रोलाइड घेणाऱ्या पुरुषांच्या अंगातली चरबी ४८ आठवड्यांत ९.४ टक्क्यांनी वाढली आणि स्नायू २.७ टक्क्यांनी घटले. वजनात वाढ मात्र फक्त २.४ टक्के. म्हणजे वजनकाटा शांत असतो आणि आतमध्ये स्नायूंच्या जागी चरबी येत असते. म्हणून काट्याऐवजी महिन्यातून एकदा कंबर बेंबीच्या पातळीवर मोजा, आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता ३० सेकंदांत किती वेळा उठता येते ते मोजा. हे दोन आकडे वजनापेक्षा जास्त सांगतात.

उपासमार करून पोट कमी करायला गेले की आधी स्नायूच जातात. यावर खरे औषध म्हणजे स्नायूंवर भार टाकणारा व्यायाम. तोच थकव्यावरचाही उपाय आहे. थकलेल्या माणसाला व्यायाम सांगणे निर्दयपणाचे वाटते हे समजते. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हॉर्मोन थेरपी चालू असलेल्या पुरुषांनी आठवड्यातून तीनदा असे १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला तेव्हा त्यांचा थकवा कमी झाला आणि ताकद वाढली. टेस्टोस्टेरॉन नसतानाही स्नायू प्रतिसाद देतो, फक्त हळू.

नुसते चालणे पुरत नाही. चालणे हृदयासाठी, आठवड्याला एकूण १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या वेगाने. त्याखेरीज आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, भाराचा व्यायाम: खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, पायरीवर चढ-उतार, रबरी पट्टा छातीकडे ओढणे, हातात वजन किंवा पाण्याची भरलेली बाटली घेऊन कोपरातून उचलणे, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी १२ वेळा सहज जमले तर वजन थोडे वाढवा. श्वास रोखायचा नाही. शेवटी भिंतीजवळ एका पायावर उभे राहण्याचा सराव, कारण हाड मोडते ते बहुधा पडल्यावर. इथे हमखास बिघडते ते असे: पहिल्या आठवड्यात उत्साहाने खूप करतात, दोन दिवस अंग दुखते आणि सगळे बंद पडते. पहिले दोन आठवडे एकच फेरी पुरे. कॅन्सर हाडांत असेल तर मात्र कोणत्या हाडात हे फिजिओथेरपिस्टला दाखवूनच आखणी करा. मणक्यात असेल तर कमरेत वाकून वजन उचलणे आणि पीळ देणे वर्ज्य.

स्नायू बांधायला प्रथिने लागतात, शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम, तीन जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

थकव्याबद्दल आणखी एक. या उपचारात हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ग्रॅमने उतरते, कारण टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी बनवायला मदत करत असते. लोह कमी नसताना लोहाच्या गोळ्या दिल्या तर फक्त बद्धकोष्ठता होते. आधी फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइड आणि क्रिएटिनिन तपासा. हिमोग्लोबिन याहून बरेच खाली गेले असेल तर ‘इंजेक्शनमुळे’ म्हणून सोडून देऊ नका, कुठून रक्त जाते आहे का किंवा अस्थिमज्जेत आजार आहे का ते पाहावे लागते.

साखर आणि हृदय. २००६ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ही इंजेक्शने घेणाऱ्यांत मधुमेह होण्याचा धोका ४४ टक्क्यांनी जास्त आढळला आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मधुमेह व हृदयविकाराचा इशारा औषधांच्या माहितीपत्रकात घालायला लावला. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी पाहा. आधीच मधुमेह असेल तर साखर बिघडणार हे धरून चाला आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना इंजेक्शनची तारीख कळवा. त्यांना बहुतेक वेळा कोणी सांगितलेलेच नसते. वडिलांना पूर्वी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर औषध बदलण्याचा विचार करण्याचे हे एक ठोस कारण आहे: रेलुगोलिक्सची ल्युप्रोलाइडशी तुलना करणाऱ्या २०२० च्या चाचणीत रेलुगोलिक्स घेणाऱ्यांत हृदयाच्या गंभीर घटना निम्म्याहून कमी होत्या. पण ती रोजची गोळी आहे. काही दिवस चुकली की टेस्टोस्टेरॉन पुन्हा वर येते.

चिडचिड आणि रडू येणे. झोपमोड हे त्याचे एक मोठे कारण असते, म्हणून वाफा आटोक्यात आल्यावर अर्धा प्रश्न सुटतो. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नाही, जेवण नको, ‘मी ओझे झालो’ असे बोलणे, हे दिसले तर तो स्वभाव नव्हे, नैराश्य आहे, आणि त्यावर उपचार होतात. जगण्याची इच्छा नाही असे बोलले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

ज्या विषयावर मुले वडिलांना विचारत नाहीत त्यावर दोन शब्द. कामेच्छा जवळजवळ सगळ्यांचीच मावळते, ताठरता जाते, लिंग आणि अंडकोष आकाराने लहान होतात. आईला वाटते हे आपल्यापासून दूर गेले, वडिलांना वाटते आपण संपलो, आणि दोघे गप्प राहतात. इच्छा गेली ती रसायनामुळे, माया तशीच आहे, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगावे अशी विनंती करा. ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी इच्छा आणत नाही, म्हणून एकटी फारशी चालत नाही. छातीदुखीसाठी जिभेखालची किंवा इतर नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल मुळीच घ्यायची नाही, रक्तदाब जीवघेणा कोसळतो. व्हॅक्यूम पंप इच्छेवर अवलंबून नसतो आणि ऊती आकसण्यापासूनही थोडे संरक्षण देतो. त्याचे रबरी कडे ३० मिनिटांच्या आत काढायचे.

स्तन दुखणे आणि वाढणे हा त्रास इंजेक्शनपेक्षा टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइड १५० मिलिग्रॅमच्या एकट्या गोळीवर जास्त होतो. गोळी सुरू होतानाच स्तनांवर थोडे रेडिएशन किंवा पुढे टॅमॉक्सिफेन दिले तर आटोक्यात राहते. वर्षभर थांबलात तर आतली गाठ घट्ट होते आणि मग शस्त्रक्रियाच उरते.

इंजेक्शनच्या जोडीला कॅन्सरवरची नवी गोळी चालू झाली तर तिची काळजी वेगळी. ॲबिराटेरॉन १००० मिलिग्रॅम उपाशीपोटी घ्यायची: दोन तास आधी आणि एक तास नंतर काही खायचे नाही, कारण अन्नाबरोबर ती कित्येक पटींनी जास्त शोषली जाते. सोबतची प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी परस्पर बंद करायची नाही. पोटॅशियम उतरते, रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते. यकृताच्या तपासण्या पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी होतात. सुजेसाठी कोणी स्पायरोनोलॅक्टोन लिहून दिले तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, ते कॅन्सरपेशींना चालना देऊ शकते. घरात कोणी गरोदर असेल तर तिने ही गोळी उघड्या हाताने हाताळू नये. एन्झाल्युटामाइडने थकवा आणि तोल जाणे वाढते, क्वचित फिट येते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसह अनेक औषधांचा परिणाम बदलतो. ॲपाल्युटामाइडने पुरळ येते आणि थायरॉइड मंदावते. डॅरोल्युटामाइड मेंदूत कमी शिरते, ती जेवणाबरोबर घ्यायची.

‘ताकद येईल’ म्हणून दिली जाणारी बिनलेबलची चूर्णे आणि डीएचईए असलेली पूरके नकोत. डीएचईएचे शरीरात टेस्टोस्टेरॉन बनते, म्हणजे इंजेक्शन एका हाताने जे काढते ते दुसऱ्या हाताने परत दिल्यासारखे.

बंद करण्याचा प्रश्न पुन्हा घेऊ. रेडिएशननंतर पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारे, आजाराचा माग ठेवणारे प्रथिन) पुन्हा वाढू लागल्याने दिलेल्या हॉर्मोन थेरपीत, पीएसए खाली राहिले तर मध्ये थांबून पुन्हा सुरू करण्याची पद्धत आहे. त्या काळात वाफा कमी होतात, उत्साह परततो. पण वडिलांसारख्या रेडिएशनच्या जोडीने ठरवलेल्या मुदतीत ही पद्धत लागू होत नाही. त्रास असह्य असेल तर मुदत थोडी आधी संपवून किती तोटा होईल हे डॉक्टरांना थेट विचारा. कित्येकदा तो हिशेब मांडता येतो आणि रुग्णाचे मत त्यात धरले जाते. हेही ध्यानात ठेवा की शेवटच्या इंजेक्शनचा असर त्या तीन महिन्यांनी लगेच संपत नाही. टेस्टोस्टेरॉन परत यायला पुढे सहा महिने ते वर्षभर, कधी अधिक लागते. सत्तरीनंतर आणि दोन-तीन वर्षांच्या उपचारानंतर काहींचे पूर्वपदावर येतच नाही. म्हणून हाडांच्या तपासण्या आणि व्यायाम इंजेक्शनबरोबर थांबवायचे नाहीत.

पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठण्याची लक्षणे अशी: पाठीत नवी, रात्री वाढणारी दुखी आणि सोबत पायांत अशक्तपणा, बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, कारण मणक्यातली मज्जारज्जू दबत असेल तर काही तासांचा उशीरही पाय कायमचे घालवू शकतो. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, एका पायाला अचानक सूज, डोळे पिवळे होणे, लघवी पूर्ण तुंबणे, पडल्यानंतर खुब्यात दुखणे आणि पाय टेकता न येणे. ही यादी लिहून फ्रिजवर लावा, आणि तिच्याच खाली पुढच्या इंजेक्शनची तारीख.